पी ०४२० चा दिवा जाईना: कॅटकॉन खरंच गेलाय का? ३८ हजार घालण्याआधी विचारतोय

बार्शीकर_गुरुजी

नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची, १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, सोलापूर पासिंग, ९४ हजार किलोमीटर झालेत. रोज बार्शी ते वैराग शाळेला जाणं-येणं, महिन्यातून एकदा पुण्याला मुलीकडे. गाडी चालायला तक्रार नाही. पिकअप ठीक आहे. अ‍ॅव्हरेज आधी १८ यायचं, आता १६-१७ येतं. पण डिसेंबरपासून तो पिवळा इंजिनचा दिवा पिच्छा सोडत नाही.

पहिल्यांदा लागला तेव्हा गावातल्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड पी ०४२०. "मागचा ओटू सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) गेलाय" म्हणाले. बदलला, मजुरीसकट ४,२०० रुपये. दिवा गेला. एकोणीस दिवसांनी परत आला, कोड तोच. त्यांनी पुसून दिला, "नवीन सेन्सरला सेट व्हायला वेळ लागतो" म्हणाले. आठवड्यात पुन्हा हजर.

मग सोलापूरला सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या मुलाने स्कॅनर लावला आणि पाच मिनिटांत निकाल दिला: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा डबा, गेला, तो मॅनिफोल्डसकट एकत्र येतो, ३८ हजार अधिक मजुरी. गाडीखाली कोणी वाकलंसुद्धा नाही. कशावरून म्हणता असं विचारलं, तर म्हणे "कोडच तसा आहे सर."

मी रसायनशास्त्र शिकवतो. उत्प्रेरक अभिक्रियेत स्वतः खर्च होत नाही, हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहितो. मग माझाच उत्प्रेरक ९४ हजारांत कसा खर्च झाला, हा प्रश्न आहे. हट्टाने सातशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर मागवलाय, मोबाइलवर आकडे दिसतात. कोड लागला त्या क्षणाची नोंद अशी आहे: वेग ५८, आरपीएम १९००, कूलंट ८८ अंश, लाँग टर्म फ्युएल ट्रिम (इंजिनचा कॉम्प्युटर ठरल्याहून किती टक्के जास्त-कमी पेट्रोल देतोय तो आकडा) +५.५. दुसरा कुठलाही कोड नाही. पीयूसी मार्चमध्ये पास झाली, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.०४ टक्के.

यावरून काही सांगता येईल का? ३८ हजार म्हणजे गाडीच्या आजच्या किमतीचा बराच मोठा तुकडा आहे.


सुसाट_४१५

गुरुजी एवढा विचार कशाला. कॅट खाली काढायचा, सळईने आतली जाळी फोडायची, परत बसवायचा. मागच्या सेन्सरखाली एक स्पेसर टाकायचा, दिवा आयुष्यात लागणार नाही. हजार रुपयांत काम. पिकअप पण वाढतो वर.


मिरजेचा_अण्णा

वरच्या भावाने सांगितलंय ते करू नका. कायद्यात बसत नाही हे एक. दुसरं म्हणजे ती वीट फोडलीत की तिचा भुगा तुमच्या नाकातोंडात जातो आणि पुढे आयुष्यभर गाडीचा धूर घरच्यांच्या. चालू मालाला सळई घालायची ही कुठली दुरुस्ती?

आता गुरुजी, तुमचं फळ्यावरचं वाक्य. ते बरोबरच आहे. कॅट खर्च होत नाही, त्याला मारावं लागतं. आत मधाच्या पोळ्यासारखी भोकं असलेली सिरॅमिकची वीट असते. भोकांना आतून अ‍ॅल्युमिनाचा खडबडीत लेप, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम, आणि सोबत सिरियम ऑक्साइड. या सिरियमचं काम तुम्हाला मी काय शिकवणार! ऑक्सिजन जास्त झाला की पोटात ठेवायचा, कमी पडला की सोडायचा. इंजिन तेल प्यायला लागलं की तेलातला फॉस्फरस आणि जस्त त्या लेपावर चढतं. हेड गॅसकेटमधून कूलंट गेला तर त्यातलं सिलिकेट चढतं. आणि प्लग मिस मारत असेल तर कच्चं पेट्रोल आत जाऊन तिथेच पेटतं, वीट वितळून गोळा होते. मी हेल्पर होतो त्या काळात आणखी एक मारेकरी होता. १९९५ ला चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला, पण शिसं नसलेलं पेट्रोल देशभर व्हायला २००० साल उजाडलं. मधल्या काळात चुकीच्या पंपावर टाकी भरली की कॅटचा निकाल. तेव्हा कोणाला कळायचंही नाही, कारण मागचा सेन्सरच नव्हता.

तुमच्या गाडीला तो आहे. बीएस ४, म्हणजे गाडीच्या धुराचा सरकारी नियम, पहिल्यांदा २०१० ला ज्या तेरा शहरांत आलं त्यात पुण्या-मुंबईसोबत आपलं सोलापूरही होतं, आणि २०१३ पासून कॅटवर नजर ठेवणं गाडीलाच भाग पडलं. म्हणून दोन सेन्सर. पुढचा, कॅटच्या आधीचा, इंजिनला पेट्रोल किती द्यायचं ते ठरवायला. मागचा मुख्यतः कॅटची हजेरी घ्यायला.

पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज चालू इंजिनात ०.१ ते ०.९ असा सतत खालीवर उड्या मारतो. मिश्रण पातळ झालं की खाली, घट्ट झालं की वर. ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, मुद्दाम असं झुलवत ठेवतो. कॅट धडधाकट असेल तर सिरियम हा झोका पोटात घेतो आणि मागच्या सेन्सरला जवळपास सपाट रेघ दिसते, ०.६ ते ०.७ च्या आसपास. कॅट मेला की मागचाही पुढच्यासारखाच नाचायला लागतो. ईसीएम दोघांच्या नाचाची तुलना करतो आणि फार सारखा वाटला की पी ०४२० लिहितो. म्हणजे कोडचा अर्थ एवढाच: मागच्या सेन्सरला नको तेवढा नाच दिसला. का दिसला, हे कोडला माहीत नाही. ते बघायला गाडीखाली वाकावं लागतं.

(नव्या बऱ्याच गाड्यांत पुढचा सेन्सर वेगळ्या जातीचा असतो, तो असा नाचत नाही. इतर वाचकांनी हे आकडे तिथे लावू नका. गुरुजींच्या गाडीत साधाच आहे असं धरून चाललोय. पुढच्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये फिरतोय का ते बघा म्हणजे खात्री होईल.)

ट्रिम +५.५ ला घाबरू नका. पंपावर आता ई२० येतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. वीस टक्के मिसळलं की साडेतेराच्या आसपास. २०१४ ची गाडी जुन्या हिशोबाने पेट्रोल सोडते, सेन्सरला हवा जास्त दिसते, ईसीएम चार-आठ टक्के वाढवून देतो. अ‍ॅव्हरेज १८ चं १७ झालं तेही बरंचसं त्यातच आलं. ट्रिम आयडलला पंधराच्या वर आणि रेस दिल्यावर खाली, असं असतं तर मी इनटेककडे, म्हणजे इंजिनात हवा जाणाऱ्या वाटेकडे, बोट दाखवलं असतं.

तर रविवारी एवढं करा. गाडी वीस मिनिटं चांगली पळवून आणा. सेन्सर तीनशे अंशांच्या खाली धड बोलतच नाही आणि कॅटही गार असताना काम करत नाही, त्यामुळे घरासमोर चावी फिरवून घेतलेले आकडे रद्दी. आल्यावर इंजिन बंद न करता कोणालातरी अ‍ॅक्सिलरेटर २५०० वर धरायला बसवा, दोन मिनिटं. मागच्या सेन्सरचा आलेख बघा. मग पाय सोडून आयडलला दोन मिनिटं बघा. दोन्हीचे आकडे वेगवेगळे लिहून आणा. मला यातला फरक हवाय.

दुसरं, सोमवारी सकाळी गार गाडी चालू करताना बॉनेट उघडून कान लावा. टिक टिक किंवा फुस फुस येते का, आणि गरम झाल्यावर जाते का.

तिसरं, गाडी पूर्ण गार असताना कॅटवर रबरी हातोडीने हलकेच टकटक. आत खुळखुळा वाजला तर वीट सुटलीय. वरचा पत्रा, उष्णता अडवणारा, तोही सुटला की अगदी तसाच वाजतो. तो हाताने दाबून धरून परत वाजवा. या एका पत्र्यापायी कितीतरी चांगले कॅट भंगारात गेलेले मी बघितलेत.

आणि मागचा सेन्सर बदलला तेव्हा वायरी कशा जोडल्या? सॉकेट तसंच बसलं की कापून जोडल्या?

टेंपरेचर गनने कॅटच्या पुढचं-मागचं तापमान मोजायचा व्हिडिओ कोणीतरी पाठवेलच. मी त्यावर निकाल देत नाही. इंजिन स्वच्छ जळत असेल तर कॅटला जाळायला फार काही उरतच नाही, मग फरकही फार दिसत नाही. चांगला कॅट मेलेला ठरतो.


आंबा_घाट_एमएच०९

अण्णा बरोबर बोलतायत, पण माझी गोष्ट उलटी आहे म्हणून सांगतो. माझा कॅट खरंच गेला होता आणि चूक पूर्ण माझी.

सीएनजीवरची गाडी, बाहेरून बसवलेलं किट. प्लग ७० हजार किलोमीटर बदलले नव्हते. चढाला गाडी मिस मारायची आणि दिवा नुसता लागायचा नाही, लुकलुकायचा. मी म्हटलं लुकलुकतोय म्हणजे लूज कनेक्शन असेल. तीन आठवडे तशीच चालवली, कोल्हापूर-रत्नागिरी. चौथ्या आठवड्यात आंबा घाटात दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा गाडी चढेना. पाय पूर्ण दाबला तरी कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. मोकळ्या रस्त्याला साठच्या वर जाईना. साखरप्याच्या अलीकडे रात्री थांबलो, खाली वाकून बघितलं तर कॅटचा डबा अंधारात लालबुंद. शेजारी वाळकं गवत होतं, गाडी ढकलून पुढे नेली.

मेकॅनिकने पुढचा ओटू सेन्सर काढून ठेवला आणि गाडी हायवेला एक किलोमीटर पळवली. आवाज ट्रॅक्टरसारखा, पण पिकअप परत आला! म्हणजे मागे वाट बंद होती. कॅट उघडल्यावर निम्मी वीट वितळून काचेसारखी झालेली. गेला तो गेला. पण त्याने आधी प्लग आणि एक कॉइल बदलली, मगच नवा कॅट घातला. नाहीतर नवाही महिन्यात गेला असता म्हणाला.


मिरजेचा_अण्णा

आंबा घाटवाले, गवतापासून गाडी हलवलीत ते बरं केलंत. लुकलुकणारा दिवा म्हणजे इंजिन मिस मारतंय आणि कॅट या क्षणी भाजतोय. पाय हलका करायचा, बाजूला घ्यायची.

तुमच्या मेकॅनिकने सेन्सर काढून केलं ते मीही करतो, पण त्याच भोकात प्रेशर गेज लावतो. आयडलला सव्वा पीएसआयच्या आत आणि २५०० ला तीनच्या आत काटा राहिला तर वाट मोकळी. गेज नसेल तर इनटेकला व्हॅक्यूम गेज लावून २५०० वर धरायचं. काटा हळूहळू खाली उतरत गेला की मागे तुंबलंय. गुरुजींची गाडी तुंबलेली वाटत नाही, पिकअप ठीक आहे म्हणतायत. त्यांचा प्रश्न वेगळा आहे.


बार्शीकर_गुरुजी

अण्णा, रविवारचा गृहपाठ आणलाय. उशीर झाला, मधे दहावीचे पेपर तपासायचे होते.

मुलगी पुण्याहून आली होती, तिला अ‍ॅक्सिलरेटरवर बसवलं. बार्शी-कुर्डुवाडी रस्त्यावर आधी पंचवीस मिनिटं पळवून आणली.

पुढचा सेन्सर: ०.१० ते ०.८५, सारखा उड्या मारतोय. म्हणजे साध्या जातीचाच.

मागचा, २५०० ला: ०.६६ ते ०.७१. दोन मिनिटं जवळपास सपाट. मी वहीत रेघ काढली, मुलगी म्हणाली ईसीजी सपाट आला म्हणजे पेशंट गेला का.

मागचा, आयडलला: इथे गंमत आहे. ०.६८ वर असतो आणि मधूनच धाडकन ०.१ वर जातो, परत वर येतो. कधी दोन सेकंदांनी, कधी पाच. पुढच्या सेन्सरच्या तालावर नाही, स्वतःच्या मर्जीने.

ट्रिम: आयडलला +६, २५०० ला +५.

गार गाडीला टिकटिक नाही. पण सकाळी मागच्या बाजूला कान लावल्यावर, ड्रायव्हरच्या पायाखाली कुठेतरी, हलकी फुस फुस वाटते. मला वाटते, मुलीला वाटत नाही.

हातोडीला आधी खुळखुळ वाजलं आणि माझ्या पोटात गोळा आला. पत्रा दाबून धरल्यावर बंद! पत्र्याचा एक बोल्ट नाहीये.

सेन्सरच्या वायरी कापून जोडल्यात. चारही वायरींवर काळी टेप आहे, एक जोड डाग देऊन केल्यासारखा वाटतो.


मिरजेचा_अण्णा

गुरुजी, तुमचा पेशंट जिवंत आहे.

कॅट मेला असता तर २५०० ला मागचा सेन्सर पुढच्याच्या तालावर नाचला असता. तुमचा तिथे सपाट आहे. म्हणजे सिरियम ऑक्सिजन पोटात घेतोय. मग आयडलला मधेच ०.१ कसा? ०.१ म्हणजे सेन्सरला ऑक्सिजन दिसला. तो इंजिनकडून आला असता तर पुढच्या सेन्सरलाही कळला असता, ट्रिमही बिघडला असता. ट्रिम जागेवर आहे. म्हणजे हवा पुढच्या सेन्सरनंतर आणि मागच्या सेन्सरच्या अलीकडे कुठेतरी शिरतेय.

लोकांना हे पटत नाही. सायलेन्सर धूर बाहेर ढकलतो, हवा आत कशी येईल म्हणतात. धूर सलग वाहत नाही, ठोक्या-ठोक्याने येतो. दोन ठोक्यांच्या मधे पाइपात क्षणभर ओढ तयार होते आणि फट असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. रेस दिली की दाब वाढतो, ठोके जवळ येतात, ओढायला फुरसत मिळत नाही. म्हणून २५०० ला तुमची रेघ सरळ. आणि कोड लागला तेव्हा तुम्ही ५८ च्या वेगाला, १९०० वर, पाय हलका ठेवून चालला होतात. तिथेही ठोके एवढे जोरकस नसतात.

पीयूसी छान आली म्हणून आनंद मानला होतात ना? बीएस ४ ला आयडलची मर्यादा सीओ ०.३ टक्के, तुमचा ०.०४. चांगलाच आहे. पण फटीतून आलेली हवा धुरात मिसळली की आकडा आहे त्याहून साजरा दिसतो. त्यामुळे पीयूसीच्या कागदावरून मी कॅटला पास करत नाही आणि नापासही करत नाही.

आता फट शोधा. गाडी गार. घरात व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याची नळी फुंकायच्या तोंडाला लावा, सायलेन्सरच्या टोकात फडकं गुंडाळून घट्ट बसवा. भांडी घासायच्या साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीत. जोडावर जोड मारत या, जिथे बुडबुडे फुगतील ती जागा. क्लीनर नसेल तर गाडी चालू करून सायलेन्सरच्या तोंडाला जाड ओलं फडकं चार-पाच सेकंदच दाबायचं आणि दुसऱ्याने कान लावायचा. हात भाजून घेऊ नका. बंद शेडमध्ये करू नका.

माझा संशय कॅटच्या खालच्या तोंडाला जिथे पुढचा पाइप जोडतो त्या जोडावर आहे. तिथे गोल गॅसकेट असतं आणि दोन स्प्रिंगवाले बोल्ट. इंजिन हलतं तसं तो जोडही थोडा हलावा म्हणून स्प्रिंगा. गतिरोधकावर खाली घासलं किंवा गंजून एक स्प्रिंग तुटली की जोड एका बाजूने उघडतो. काळ्या काजळीचा पंखा उमटलेला दिसेल.

वायरींबद्दल: डाग दिलेला जोड काढा. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या आतूनच मिळते, बारीक तारांच्या मधून. डाग दिला किंवा ग्रीस भरलं की ती वाट बुजते आणि सेन्सर खोटं बोलायला लागतो. दाबून बसवायचे जोड वापरायचे, नाहीतर सॉकेटसकट येणारा सेन्सर घ्यायचा. ४,२०० दिलेत म्हणजे सॉकेटवालाच मिळायला हवा होता, पण ते असो.


बार्शीकर_गुरुजी

अण्णा!

बुडबुडे. शेजारच्या फर्निचरवाल्याचा ब्लोअर आणला. मी गाडीखाली पोतं टाकून आडवा, मुलगी मागे फडकं धरून. पहिले तीन जोड कोरडे. चौथ्यावर, अगदी तुम्ही म्हणालात तिथे, साबणाचा फेस असा फुगला की इडलीचं पीठ उतू जावं. डाव्या बोल्टावर स्प्रिंग आहे, उजव्या बोल्टावर नाहीच. नुसता बोल्ट, अर्धा गंजलेला, आणि वर काजळीचा काळा पंखा. मागचा सेन्सर तिथून वीतभर अंतरावर.

मला आठवलं: दिवाळीत गावी जाताना ओढ्याच्या फरशीवर खाली काहीतरी मोठ्याने आपटलं होतं. दिवा डिसेंबरात लागला. मी हे कोणालाच सांगितलं नव्हतं कारण कोणी विचारलंच नव्हतं.


मिरजेचा_अण्णा

मीही विचारायचं राहिलंच की. पहिला प्रश्न तोच असायला हवा होता.

गॅसकेट आणि दोन्ही बोल्ट-स्प्रिंगा नव्याच घाला, एक जुनी एक नवी नको, दाब सारखा बसत नाही. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. घाई करून जोराने फिरवलं तर बोल्ट कॅटच्या कडीतच तुटतो आणि मग खरोखर कॅट खाली घ्यावा लागतो. नवीन बसवताना फटीत सिलिकॉनचा लाल-काळा चिकट अजिबात नको. कोणीतरी "थोडं लावू का" म्हणेलच. त्यातलं सिलिकॉन सेन्सरला विष आहे.

मग कोड पुसा, आणि लगेच पेढे वाटू नका. कोड पुसला की दिवा विझतोच, मेलेल्या कॅटचाही विझतो. स्कॅनरच्या अ‍ॅपमध्ये रेडिनेस मॉनिटर बघा. कॅटॅलिस्टपुढे "अपूर्ण" दिसेल. रोजच्या रस्त्याला साठ-सत्तरच्या एकसारख्या वेगाने काही दिवस चालवा. तिथे "पूर्ण" आलं आणि प्रलंबित कोडही नसला की गाडीने स्वतः कॅट तपासून पास केला असं समजायचं.


बार्शीकर_गुरुजी

आजचा हिशोब. गॅसकेट आणि बोल्टांचा संच ६४० रुपये. मजुरी ५००, कारण मी स्वतः केलं नाही, बोल्ट तुटण्याची भीती घातलीत ना. वायरी दाबून जोडून घेतल्या, १५०. पत्र्याचा बोल्ट त्यांनी फुकट लावला.

कोड पुसून सहा दिवस झाले, २८० किलोमीटर. काल संध्याकाळी वैरागहून येताना मॉनिटर पूर्ण झाला. प्रलंबित कोड नाही. आयडलला मागचा सेन्सर ०.६४ ते ०.७०, डुबकी नाही. अ‍ॅव्हरेज मात्र १७ च आहे. तुमच्या ई२० च्या गणितावर मी आता अकरावीला एक उदाहरण तयार केलंय.

सर्व्हिस सेंटरमधून फोन आला होता, "सर पार्ट मागवायचा का?" म्हणून. नको म्हटलं.


नवीन_वाचक_लातूर

धागा वाचून काढला, भारी. अण्णा, माझ्या गाडीला पी ०१४१ येतोय, मागच्या सेन्सरच्या हीटरचा म्हणे. गॅरेजवाला सेन्सर बदलू म्हणतोय. बदलू का?


मिरजेचा_अण्णा

थांबा. हा कोड हीटरच्या सर्किटचा आहे, आणि सर्किटमध्ये सेन्सर हा शेवटचा गडी. आधी फ्यूज बघा. मग सेन्सरचं सॉकेट सोडून त्याच्या चार वायरींतल्या एकाच रंगाच्या दोन वायरींमध्ये मल्टीमीटरने ओहम मोजा, गार असताना. साधारण तीन ते पंधराच्या मधे काहीतरी यायला हवं, नेमका आकडा गाडीगणिक वेगळा. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटलाय, बदला. आकडा आला तर चावी चालू करून गाडीकडच्या सॉकेटला बारा व्होल्ट येतात का बघा.

आणि एक सांगा, गाडी रात्री कुठे उभी असते? जवळपास धान्याचं गोदाम, कडब्याची गंजी असं काही? मागच्या महिन्यात माझ्याकडे याच कोडाच्या तीन गाड्या आल्या, त्यातल्या दोन उंदरांनी वायर कुरतडलेल्या होत्या. सॉकेटपासून वर हात फिरवत जा.